आकाशातली उडी आणि डोक्यावरचा कॅमेरा

आमच्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. समर्थांनी पुढे गावोगाव मारुती बसवले आणि उड्डाणाचा देव महाराष्ट्राच्या वेशीवेशीवर आणून उभा केला. त्या मारुतीने समुद्रावरून जी झेप घेतली, तिला साक्षीदार कोण? किनाऱ्यावर बसलेले वानर. त्यांना तो ठिपक्याएवढा होईपर्यंत दिसला असेल. पुढचे सारे त्याने परत येऊन सांगितले तेच खरे. देवाच्या उडीला एवढी साक्ष पुरते. माणसाने उडी घेतली म्हणजे मात्र शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "पाहिले का कोणी?"

विमानातून उडी घेणाऱ्या माणसाचा आणि त्याचे चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आकाशातली उडी मागे काहीच ठेवीत नाही. पोहणाऱ्याच्या मागे निदान लाट उठते, धावणाऱ्याच्या मागे धूळ उडते. हवेत घासाएवढाही ओरखडा राहत नाही. कोणी टिपले नाही, तर ते मिनिट उडी घेणाऱ्याच्या मनात तेवढे शिल्लक राहते, आणि तेही धड राहत नाही, कारण पडताना माणूस फार घाईत असतो.

साक्षीची ही अडचण आम्हां जालनेकरांना नवी नाही. भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीची लढाई झाली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात एका दिवसात दक्षिणेचे भवितव्य पालटले. पण त्या दिवसाचे एकही छायाचित्र नाही, कारण छायाचित्रणाची कलाच तेव्हा जन्मली नव्हती. उरली ती पत्रे, खलिते आणि पुढे घरी बसून काढलेली चित्रे. जिंकणाऱ्याने लिहिले ते आपण वाचतो.

पॅराशूट मात्र तेव्हा जन्मले होते. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ नावाच्या फ्रेंच माणसाने फुग्याला टांगलेल्या टोपलीतून वर जाऊन दोर कापला आणि कापडी छत्रीखाली तो खाली उतरला. छत्रीला शेंड्याशी भोक ठेवायचे असते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्यामुळे कोंडलेली हवा कडेकडेने निसटत राहिली आणि टोपली पाळण्यासारखी झोके खात खाली आली. मौज अशी, की याच १७९७ साली मुंबई इलाख्याच्या देशी पायदळात एक पलटण उभी राहिली. ती पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण झाली, आणि दीडशे वर्षांनी तिच्याच शिपायांच्या पाठीवर पॅराशूट बांधले गेले. तिची गोष्ट पुढे येणारच आहे.

मुंबईकरांनी पॅराशूट पाहिले ते १८८९ साली. पर्सिव्हल स्पेन्सर नावाचा इंग्रज फुगेवाला त्या वर्षी मुंबई आणि कलकत्ता येथे फुग्यातून वर गेला आणि छत्रीने खाली आला. चलच्चित्राचे यंत्र मुंबईत येण्यास अजून सात वर्षे होती. ते आले ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. मग हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ च्या सुमारास हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. म्हणजे 'कॅमेरा कोणता घ्यावा' हा प्रश्न मराठी माणसाला पडला, त्यालाही आता सव्वाशे वर्षे होत आली.

पण त्या कॅमेऱ्यांनी उडी टिपता येत नव्हती. कारण अगदी साधे आहे. त्यांना तिपाई लागे आणि हाताने सारखा दांडा फिरवावा लागे. ज्याचा एक हात दांड्यावर आहे, त्याने आकाशातून पडायचे कसे? कुस्ती, नाटक, मिरवणूक, जे जमिनीवर समोर घडेल ते टिपावे. आकाशातला माणूस टिपायचा तर खाली उभे राहून ठिपक्याकडे भिंग रोखावे, एवढेच त्यांच्या हाती होते. १९२० नंतर घड्याळासारखी चावी दिलेले छोटे कॅमेरे आले. एकदा चावी दिली की अर्धे मिनिट आपोआप चालायचे. तरीही ते हातातच धरावे लागत.

खरी वाट दाखवली ती युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या बंदुकांशेजारी विजेवर चालणारे चिमुकले कॅमेरे बसवले होते. गोळी लागली की नाही, हे पायलटच्या सांगण्यावर न सोडता फिल्मवर पाहायचे, हा त्यांचा हेतू. म्हणजे प्रश्न तोच, साक्षीचा. युद्ध संपल्यावर हे कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले, आणि अमेरिकेतल्या उडीबहाद्दरांनी ते शिरस्त्राणावर बसवले. त्यांच्या डबीत सोळा मिलिमीटरची पन्नास फूट फिल्म मावे. एका फुटात चाळीस चित्रे, सेकंदाला चोवीस चित्रे. हिशेब केला तर ही डबी सुमारे त्र्याऐंशी सेकंद चालते. बारा-तेरा हजार फुटांवरून उडी घेतली तर पॅराशूट उघडेपर्यंत मिनिटभर लागते. जणू मापच घेऊन शिवलेली डबी! या योगायोगाला मी फार मानतो. कारागिराने एका कामासाठी केलेली वस्तू दुसऱ्याच कामाला इतकी चपखल बसावी, असे क्वचितच होते.

आता आकाशातला माणूस ठिपका राहिला नाही. १६ ऑगस्ट १९६० रोजी जोसेफ किटिंजर एक लाख दोन हजार आठशे फुटांवरून फुग्याच्या पाळण्यातून खाली उडाला, तेव्हा कॅमेरा पाळण्यात राहिला होता. त्या चित्रात किटिंजरची पाठ दिसते आणि ती ढगांकडे लहान लहान होत जाते. डोक्यावरच्या कॅमेऱ्याने नेमके उलट केले. तो पडणाऱ्याबरोबर पडला. दोघेही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येत असल्यामुळे चित्रात कोणी पडतच नाही. माणसे हवेत पालथी पसरून, एकमेकांचे हात धरून तरंगताना दिसतात. आकाशातून पडणे हे तरंगण्यासारखे दिसते, ही गोष्ट सामान्य माणसाला कळली ती या चित्रांमुळे.

बॉब ब्युकर हा या कलेतला पहिल्या फळीचा माणूस. १९६६ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात उडी घेऊन तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरला आणि बुडाला. आठ किंवा अधिक जणांनी आकाशात हात धरून केलेल्या चांदणीत जो सामील होतो, त्याला आजही त्याच्या नावाची सन्मानपट्टी मिळते. कार्ल बोनिश याने १९६९ च्या 'द जिप्सी मॉथ्स' या चित्रपटातली आकाशदृश्ये टिपली. तो १९८४ साली नॉर्वेतल्या कड्यावरून उडी घेताना गेला. या धंद्यात नाव कमावलेल्यांची यादी वाचताना जन्मसालाच्या पुढचे साल फार लवकर येते.

आता ती मराठा पलटण. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण असे झाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात ही पलटण टांगाइलजवळ विमानांतून उतरली आणि पुंगली पुलाचा ताबा घेऊन तिने माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट रोखली. उतरणारे शिपाई हजाराच्या आतच होते. वर्तमानपत्रांना देण्यासाठी या उडीचे छायाचित्र मात्र हाताशी नव्हते. तेव्हा सैन्याचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी पूर्वीच्या एका मोठ्या सरावाचे चित्र काढून दिले. त्यात आकाश छत्र्यांनी भरून गेले होते. चित्र जुने आहे, हे त्याखाली लिहिलेले नव्हते. परदेशी बातम्यांत छत्रीधाऱ्यांचा आकडा पाच हजारांवर गेला. पाच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सही झाली. त्या चित्राचा तिच्यात वाटा किती, यावर लढवय्ये वाद घालोत. रावांनी स्वतः ही हकिकत पुढे मोकळेपणाने सांगितली. मला तिच्यात वेगळेच दिसते. खरी उडी झाली होती, शूरपणे झाली होती, आणि तरी जगाने पाहिली ती दुसरीच! असईला चित्र नव्हते म्हणून आपण शब्दांवर विसंबलो. टांगाइलला चित्र होते, तरी ते त्या दिवसाचे नव्हते. साक्षीदार बरोबर असावा लागतो तो याकरिता.

चित्रपटवाल्यांनी या कामात पैसा ओतला. 'मूनरेकर' या १९७९ सालच्या बाँडपटाच्या आरंभी विमानाबाहेर पॅराशूटसाठी झटापट होते. ते दृश्य पुरे करण्यास अठ्ठ्याऐंशी उड्या लागल्या. छायाचित्रकाराच्या डोक्यावरचे भिंग काचेचे नव्हते, हलक्या प्लास्टिकचे होते. काचेचे ओझे मानेला सोसले नसते.

मानेचा हा प्रश्न जरा थांबून समजून घेण्याजोगा आहे. पडताना कॅमेऱ्याचे वजन फारसे जाणवत नाही. जाणवते ते पॅराशूट उघडते तेव्हा. ताशी दोनशेचा वेग दोन-चार सेकंदांत तीसच्या आत येतो आणि त्या हिसक्यात डोक्यावरची प्रत्येक वस्तू काही पटींनी जड होते. पाच पट धरली, तर अर्धा किलोचा कॅमेरा अडीच किलोचा होतो, आणि तोही मानेच्या मध्यावर नसून पुढे किंवा बाजूला टांगलेला. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे सांगावे लागणार नाही. घागर मधोमध असली तर कोसभर चालवते, तिरपी झाली तर अंगणातच मान धरते.

घरगुती व्हिडिओ कॅमेरा आला १९८३ च्या सुमारास. चित्र घेणारा डोळा आणि फीत फिरवणारे यंत्र आता एकाच पेटीत आले. आमच्या जालन्यात त्याचे पहिले दर्शन लग्नाच्या मांडवात झाले. खांद्यावर पेटी घेतलेला गृहस्थ, मागे प्रखर दिवा धरलेला पोऱ्या, आणि त्या झोतात डोळे मिचकावणारे वरबाप. त्या पेटीला घेऊन कोणी विमानातून उडी घेईल, असे तेव्हा आमच्यापैकी कोणाला वाटले नसते. पण घेणाऱ्यांनी घेतली. आरंभी कॅमेरा डोक्यावर आणि फितीचे यंत्र निराळ्या पिशवीत अंगाशी बांधलेले असे.

दिवाळीच्या अंकात सांगावी की नाही अशी एक हकिकत इथे सांगावीच लागते, कारण तिच्याशिवाय पुढचे नियम कळत नाहीत. १९८८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार दिवसातली तिसरी उडी घेण्यास विमानात बसला. शिकणारा आणि शिकवणारा यांचे चित्र त्याला घ्यायचे होते. त्याने कॅमेरा तपासला, फीत तपासली, यंत्राची पिशवी अंगाला बांधली. दहा हजार फुटांवर तो त्यांच्या मागोमाग बाहेर पडला. चित्रण उत्तम चालले होते. मग त्या दोघांची छत्री उघडली आणि याने आपली दोरी शोधण्यास हात नेला. पॅराशूट पाठीवर नव्हतेच. पिशवीच्या ओझ्याने अंगाला भास झाला होता, की सारे बांधलेले आहे. फीत मात्र शाबूत सापडली.

यंत्रात जीव गुंतला की माणूस स्वतःला विसरतो, हे कोणत्याही कारागिराला ठाऊक आहे. सुताराचे बोट कापते ते पहिल्या दिवशी नव्हे, हात बसल्यावर. म्हणून अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस अशी, की दोनशे उड्या झाल्याशिवाय कोणी कॅमेरा घेऊन उडी घेऊ नये. आता कॅमेरा चिमूटभर झाला आहे, मग एवढी सक्ती कशाला, असे नवशिके म्हणतात. पण चिमूटभर कॅमेऱ्यालाही पॅराशूटची बारीक दोरी अडकते. आणि मन गुंतण्याला तर वजनाचा संबंधच नाही. म्हणून जाणते लोक शिरस्त्राण असे घेतात, की दोरी अडकली तर एका ओढीने ते डोक्यावरून सुटून जावे. कॅमेरा गेला तरी चालेल!

कॅमेऱ्याची निवडही गेल्या चाळीस वर्षांत अशीच अनुभवाने घडत गेली. १९८९ साली सोनीने तळहातावर मावणारा, आठशे ग्रॅमच्या आतला कॅमेरा काढला आणि उडीवाल्यांची मान पहिल्यांदा मोकळी झाली. १९९५ नंतर डिजिटल फितीचे खिशाएवढे कॅमेरे आले. दुकानदार दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाची तारीफ करी. उडीवाल्याला ते निरुपयोगी. त्याला समोरचा माणूस हातभर किंवा दोन हात अंतरावर हवा आणि तरी तो सबंध चित्रात बसायला हवा. म्हणून तो पुढे आणखी एक रुंद भिंग लावी. हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय दोन प्रकारची: एकीत भिंगाचा एक तुकडाच आत हलतो, दुसरीत ते काम हिशेबाने होते. पहिली मांडवात सरस. पण दोनशेच्या वाऱ्यात तो हलता तुकडाच थडथडू लागे. कॅमेरा सुरू आहे की नाही, हे डोक्यावर पाहता येत नाही, म्हणून डोळ्यांसमोर एक लहानसा दिवा आणायचा. फोटो काढायचा तर हात मोकळे नाहीत, म्हणून कळ दातांत धरायची. असे हे सारे जुगाड एकेका चुकलेल्या उडीतून सुचलेले आहेत.

या साऱ्यांत मला सर्वांत गमतीची वाटते ती तबकडीच्या कॅमेऱ्याची फजिती. २००५ नंतर काही वर्षे फितीऐवजी आत संगणकासारखी फिरती तबकडी असलेले कॅमेरे निघाले. तासन्‌तास चित्रण मावे, किंमत परवडे, दुकानात तेच पुढे केले जात. तबकडीवर लिहिणारी सुई हवेच्या बारीक थरावर तरंगते. उंचावर हवा विरळ झाली की ती टेकण्याची भीती. म्हणून कंपन्यांच्या पुस्तिकांत तीन हजार किंवा पाच हजार मीटरच्या वर वापरू नका, असे छापलेले असे. तेरा हजार फूट म्हणजे जवळजवळ चार हजार मीटर. पण याहून मोठी गंमत पुढे आहे. हातातून कॅमेरा निसटला तर तबकडी वाचावी, म्हणून काही कॅमेऱ्यांत 'आपण पडत आहोत' हे ओळखणारा एक चिमुकला पहारेकरी बसवला होता. त्याला पडण्याची चाहूल लागली की तो सुई बाजूला घेई आणि चित्रण अडे. विमानाच्या दारातून माणूस बाहेर पडला की पहिली दहाएक सेकंदे तो खरोखर वेग घेत पडत असतो. मग हवेचा रेटा त्याच्या वजनाइतका होतो आणि वेग स्थिरावतो. म्हणजे नेमक्या त्या पहिल्या, सर्वांत सुंदर सेकंदांना कॅमेरा घाबरून डोळे मिटायचा! मालक निर्भयपणे खाली चालला आहे आणि त्याच्या डोक्यावर बसलेल्या यंत्राने राम म्हटला आहे, असे ते दृश्य. पुढे हलता भाग एकही नसलेली स्मृतिपट्टी आली आणि ही अडचण सरली.

२००४ साली निक वुडमन याने लाटांवर खेळणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचा साधा फिल्मचा कॅमेरा विकायला काढला. त्याचेच २००९ सालचे डिजिटल रूप शंभर ग्रॅमच्या आत होते. 'गोप्रो' हे नाव आज चिखलदऱ्याला जाणाऱ्या पोरांच्याही तोंडी असते. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बॉमगार्टनर एकोणचाळीस किलोमीटरवरून उडाला, तेव्हा कॅमेरे पाळण्यात होते तसे त्याच्या अंगावरही होते. किटिंजरची पाठ जगाने पाहिली होती. बॉमगार्टनरला गरगरताना काय दिसत होते, हेही जगाने पाहिले.

आणि आपली पुण्याची शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी तिने उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून चोवीसशे फुटांवरून उडी घेतली. ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी. उणे सदतीस अंशांची थंडी. साधारण घरगुती कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत शून्याखाली वापरू नका असे लिहिलेले असते. त्या थंडीत विजेरीचा जोर ओसरतो, फीत कडक होते आणि उबेत परत आणल्यावर आतल्या भागांवर दव धरते. मुलगी मात्र पुस्तिका न वाचता उतरली. २००६ च्या डिसेंबरात दक्षिणेला अंटार्क्टिका, २०११ साली पद्मश्री. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये पट्टाया येथे तिने नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली. सव्वाआठ मीटरचे लुगडे त्या वाऱ्यात फडफडले, तर पदर पॅराशूटच्या कळीवर यायचा. म्हणून ते जागोजाग टाचून, चिकटपट्ट्या लावून बसवावे लागले. ही उडी नुसती शब्दांत सांगितली असती तर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी "काहीतरीच!" म्हणून पुढचा लाडू उचलला असता. चित्र पाहिल्यावर त्यांनी काष्टा नीट आहे की नाही, ते पाहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर एकवीस हजार पाचशे फुटांवरून उडी घेऊन ती काळा पत्थरला उतरली.

हे सारे वाचून कोणा तरुणाने यंदाच्या दिवाळीत पैसे साठवून पहिली उडी घ्यायची ठरवली आणि "कॅमेरा कोणता घेऊ?" असे विचारले, तर उत्तर सोपे आहे: कोणताच नको. पहिली उडी शिकवणाऱ्याच्या छातीशी बांधून घ्यायची असते. त्याच्या मनगटावर हाताएवढ्या पट्टीत लहान कॅमेरा असतो आणि तो तुमच्या तोंडासमोर धरून तोच चित्रण करतो. मनगट बहुधा डावे असते. उजव्या हाताने त्याला पॅराशूट उघडायचे असते.